ओढ जोपासताना

लोयोलाच्या इग्नाटियसने सोळाव्या शतकात जेझुइट संघासाठी नियम लिहिले. संघात येऊ इच्छिणाऱ्याला काय विचारायचे, ते त्या नियमांच्या सुरुवातीलाच दिले आहे. घरची परिस्थिती कशी आहे, डोक्यावर कर्ज आहे का, काही आजार आहे का, असे विचारून झाले की पुढे एक अवघड प्रश्न येतो. ख्रिस्ताने जी मानहानी सोसली ती त्याच्यावरच्या प्रेमाखातर आपल्याही वाट्याला यावी, अशी उत्कट इच्छा तुझ्या मनात आहे का? प्रामाणिक माणूस इथे गप्प होतो. इग्नाटियसला माणसाचे मन ठाऊक होते, म्हणून त्याने त्याच्याच खाली दुसरा प्रश्न लिहून ठेवला. तशी इच्छा नसेल, तर ती आपल्याला व्हावी असे तरी तुला वाटते का? याचे उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला पुढे नेता येते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नापाशी थांबलेल्यांसाठी आहे.

असे लोक आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत आणि ते अविश्वासू मुळीच नाहीत. रविवारी ते उपासनेला किंवा मिसेला येतात. मुलांना संडे स्कूलला आणतात, गुड फ्रायडेला दुपारचे तीन तास बसून राहतात, वर्गणी देतात, कोणी गेले तर सर्वांआधी त्या घरी पोहोचतात. देव आहे याविषयी त्यांना शंका नाही. पण तो हवाहवासा वाटतो का, असे एकांतात स्वतःला विचारले तर उत्तर हाती लागत नाही. आणि हे बोलायची सोय कुठेच नसते. प्रार्थनासभेत आपण शस्त्रक्रियेसाठी, नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी प्रार्थनेची विनंती करतो. मंडळी ती मनापासून करते. परंतु 'मला देवाची ओढ वाटेनाशी झाली आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा' असे उभे राहून सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याची लाज वाटते. ती लाज थोडी कमी झाली तरी या लेखनाचे बरेचसे काम होईल.

गरजेपोटी देवाकडे काही मागण्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. येशूने असे मागणे घेऊन आलेल्या कोणाला स्वार्थी म्हणून हाकलले नाही. उलट, माणसाला काय हवे आहे हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची त्याला फार आस्था दिसते. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा होता. त्याला काय हवे असणार हे कोणालाही सांगता आले असते, तरी येशूने ते त्यालाच विचारले. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही त्याने बरे व्हायची इच्छा आहे का असे विचारले. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूच्या तोंडचे पहिले बोलणे म्हणजेच एक प्रश्न आहे. आपल्या मागोमाग येणाऱ्या दोघांकडे वळून तो विचारतो की तुम्ही काय शोधत आहात. त्या दोघांना नीट उत्तर देता आले नाही. तारण, सत्य, देवाचे राज्य असे काहीही ते म्हणाले नाहीत. तुमचा मुक्काम कुठे आहे, एवढेच त्यांनी उलट विचारले. त्याने बोलावले, ते गेले आणि तो दिवस त्याच्यापाशी राहिले. लिहिणाऱ्याला ती वेळही आठवते आहे, दिवसाचा दहावा तास होता. आपल्याला काय हवे हे कळण्याआधीच ते त्याच्या सहवासात जाऊन बसले होते, आणि शिष्यत्व तिथून सुरू झाले.

ओढ आधी वाटली पाहिजे, मगच प्रार्थना खरी, नाहीतर ते ढोंग, अशी एक समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. दिसायला ती प्रामाणिक वाटते. माझ्या मते तिच्यामुळे जितकी माणसे प्रार्थनेपासून दूर गेली तितकी नास्तिकांच्या युक्तिवादांनीही गेली नसतील. ओढ वाटेल तेव्हा बायबल उघडू, असे म्हणणाऱ्याचे बायबल बंदच राहते. ख्रिस्ती परंपरेतली जाणती माणसे या बाबतीत एकमुखाने वेगळे सांगतात. देवाची ओढ जोपासावी लागते, आणि ती जोपासायला ओढ नसतानाही सुरुवात करता येते. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच. बाकीचा विस्तार त्या माणसांच्या साक्षीचा आहे.

पहिली साक्ष बेचाळिसाव्या स्तोत्राची. पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचे ते स्तोत्र सर्वांच्या ओळखीचे आहे, म्हणूनच ते नीट वाचले जात नाही. हे स्तोत्र कोरहाच्या वंशजांच्या नावावर आहे, म्हणजे ज्यांचे घराणेच मंदिराच्या सेवेत होते त्यांच्या. स्तोत्रकर्ता मात्र मंदिरापासून फार लांब, उत्तरेला हर्मोन पर्वताच्या आणि यार्देनेच्या उगमाच्या मुलखात अडकून पडला आहे. हा मुलूख कोरडा नाही. हर्मोनचे बर्फ वितळून तिथे झरे फुटतात. धबधब्यांचा घोष आणि लाटांचे लोंढे त्या स्तोत्रातच येतात. चहूकडे पाणी खळाळत असताना हा माणूस तहानेने व्याकूळ आहे. जे मिळते आहे त्याने त्याची तहान भागत नाही, कारण खरे पाणी कसे लागते हे त्याला आठवते. समुदायाबरोबर गात, सण साजरा करत देवाच्या घराकडे चालत जाण्याची आठवण त्याच्या मनातून जात नाही. तहान त्या आठवणीतून उठली आहे.

आणखी एक गोष्ट या स्तोत्रात आहे. तो स्वतःच्या जिवाशी बोलतो, तू का खचलास म्हणून त्याला विचारतो, देवाची आशा धरायला सांगतो. पुढचे त्रेचाळिसावे स्तोत्र याचाच भाग मानले जाते. ती दोन्ही मिळून हे संभाषण तीनदा होते, म्हणजे एकदा सांगून जीव ऐकत नाही. भावना जागेवर नाही हे त्याला दिसते. तरी तिची वाट बघत न बसता तो तिला पुनःपुन्हा हाक मारतो.

स्तोत्रसंहितेचा मोठा उपयोग हाच आहे. तिच्यात आपल्याला दुसऱ्याची तहान उसनी मिळते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने मार्सेलिनस नावाच्या एका ख्रिस्ती बांधवाला पत्र लिहिले, त्यात हे फार छान आले आहे. शास्त्रातली इतर पुस्तके वाचताना आपण दुसऱ्या कोणाविषयी वाचत असतो, पण स्तोत्र म्हणताना ते शब्द आपलेच होऊन जातात आणि आपल्या अंतःकरणाची हालचाल त्यांत आरशासारखी दिसते, असे त्याचे म्हणणे. आज आपल्यापाशी शब्द नसतील, इच्छा नसेल, तरी दाविदाचे शब्द तोंडात घोळवता येतात. घोळवता घोळवता ते केव्हा आपले झाले हे कळतही नाही.

मराठी ख्रिस्ती माणूस याबाबतीत फार भाग्यवान आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना स्वतःच्या भाषेत वाचायला, ऐकायला काही हवे होते. त्या भुकेला दिलेले उत्तर म्हणजे ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचे काव्य. पुढे नारायण वामन टिळक आले. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. ती वाट सोडून न देता त्यांनी ती मंडळीच्या उपासनेत आणली. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारायला आपल्याला त्यांनी शिकवले. अहमदनगरपासून मुंबईपर्यंत घरोघरी ज्यांनी ही गीते आजीच्या मांडीवर ऐकली, त्यांना स्वतःची ओढ जागी होण्याआधीच टिळकांची ओढ वारशाने मिळाली आहे. गीतपुस्तक फक्त रविवारी उघडायचे असते असे आपण का धरून चालतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता एक कूट. शरीराची भूक जेवल्यावर शमते आणि उपाशी राहिल्यावर वाढते. देवाची भूक याच नियमाने चालत असती, तर उपासना टाळणाऱ्यांना ती सर्वांत अधिक लागली असती. प्रत्यक्षात उलटे घडते. इ.स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या ग्रेगरीने लूककृत शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यावर एक प्रवचन केले होते. निमंत्रण येऊनही शेत पाहायला, बैल पारखायला निघून गेलेल्या लोकांचा तो दाखला. ते लोक आले का नाहीत, या प्रश्नाला ग्रेगरीने दिलेले उत्तर मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत नेमके वाटते. देहाचे सुख मिळेपर्यंत त्याची इच्छा पेटलेली असते आणि मिळाले की कंटाळा येतो. आत्म्याच्या सुखाचे तसे नाही. ते चाखलेले नसते तोवर नकोसे वाटते आणि चाखले की त्याची भूक वाढत जाते. जे तोंडात घातलेच नाही त्याची गोडी कशी कळणार? म्हणजे ओढ वाटत नाही याचा अर्थ आपल्यात काही मोडले आहे असा नव्हे. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपण बरेच दिवसांत चाखलेले नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्या कशाने तरी पोट भरत राहिलो. दाखल्यातले लोकही काही पाप करायला गेले नव्हते. शेत, बैल, नवी बायको, सगळे चांगलेच होते. आजच्या घरात त्या जागी हातातला फोन आहे. तो रिकामा क्षणच शिल्लक ठेवत नाही, आणि देवाची आठवण यायला निदान एखादा रिकामा क्षण लागतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस मंडळीने राखून ठेवले ते यासाठीच. अन्न वाईट आहे म्हणून उपवास करायचा नसतो. सतत भरलेल्या पोटाला आपण कशासाठी भुकेले आहोत याचा विसर पडतो, म्हणून करायचा असतो.

ठरावीक वेळी प्रार्थना करणे यांत्रिक नाही का, हा आक्षेप तरुण मंडळींकडून नेहमी येतो. त्यावर ऑगस्टीनचे एक पत्र वाचावे. इ.स. ४१० मध्ये गॉथ सैन्याने रोम लुटले. रोमच्या एका अतिश्रीमंत घराण्यातली प्रोबा नावाची विधवा घरातल्या बायकांना घेऊन उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आली. होते ते सारे डोळ्यांदेखत हललेल्या या बाईने हिप्पोच्या बिशपला विचारले की प्रार्थना कशी करावी आणि काय मागावे. ऑगस्टीनने तिला दीर्घ उत्तर पाठवले. मागणे एकच असू दे, असे तो लिहितो: खरे सुखी जीवन, म्हणजे देवाच्या घरात वस्ती. मग तो स्वतःच अडचण काढतो. आपल्याला काय हवे हे देवाला आधीच ठाऊक असेल तर बोलायचे कशाला? तो उत्तर देतो की प्रार्थनेने देवाला माहिती मिळत नाही, आपली इच्छा मात्र तालीम घेते. तो द्यायला बसला आहे ते फार मोठे आहे आणि आपली घेण्याची जागा लहान. मागता मागता ती जागा वाढते. खरे तर इच्छा अखंड असावी, तीच अखंड प्रार्थना. पण संसाराच्या काळज्यांनी ती निवत जाते. म्हणून दिवसातल्या ठरलेल्या वेळी आपण मनाला शब्दांनी परत बोलावतो, म्हणजे कोमट होऊ लागलेले पुरते थंड पडणार नाही. इजिप्तमधले संन्यासी अगदी छोट्या, बाणासारख्या प्रार्थना वारंवार करतात, हेही तो प्रोबाला कळवतो. लक्ष टिकत नसेल तर लांबण लावू नये, लहान करावी पण वारंवार करावी. बिघडलेल्या काळात परक्या मुलखात राहणाऱ्या बाईला दिलेला इतका व्यवहारी सल्ला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हे सारे आपल्याच मातीत कसे घडले, हे पंडिता रमाबाईंच्या साक्षीत दिसते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना शब्दांची भूक लहानपणापासून होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घराची तीर्थयात्रा चालू असताना वाटेवर आईनेच त्यांना शिकवले, आणि बाराव्या वर्षापर्यंत भागवत पुराण त्यांना मुखोद्गत झाले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिका, मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर पुणे. टीका, वाद, विधवा मुलींची जबाबदारी, असा तो सारा धकाधकीचा काळ. बाहेरून पाहणाऱ्याला या बाईच्या ख्रिस्ती जीवनात काही उणे आहे असे वाटणे शक्य नव्हते. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत मात्र त्यांनी सरळ नोंदवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही.

हे वाक्य लिहायला किती धैर्य लागले असेल! त्यांच्या धर्मांतरावर तुटून पडलेल्या लोकांच्या हाती आपण कोलीत देतो आहोत हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी ते लपवले नाही. आणि त्याआधी काय घडले हेही त्याच साक्षीत आहे, ते आपल्या विषयाला फार जवळचे आहे. निरनिराळ्या आचार्यांची निरनिराळी मते वाचून गोंधळल्यावर त्यांनी बायबलविषयीची पुस्तके बाजूला ठेवली आणि बायबलच नेमाने वाचायला घेतले. सुमारे दोन वर्षे हा नेम चालला. त्याचे फळ म्हणून शांती मिळाली असती तर गोष्ट गोड झाली असती. फळ आले ते अस्वस्थतेचे. स्वतःच्या आध्यात्मिक जीवनाविषयी त्या असमाधानी झाल्या, मनाने कष्टी झाल्या. ग्रेगरीने सांगितले तेच हे. चाखल्यावर भूक लागली. नेमाने वचन वाचू लागलात आणि काही महिन्यांनी आधीपेक्षा अधिक रिकामे वाटू लागले, तर घाबरून पुस्तक मिटू नका. रमाबाई तेव्हाच थांबल्या असत्या तर पुढचे केडगावचे मुक्ती मिशन झाले नसते. तिथे जानेवारी १९०५ मध्ये सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत तो मेळा पाचशेच्या वर गेला आणि मग त्या आश्रमात जागृतीचे जे दिवस आले ते सर्वांना ठाऊक आहेत. जागृतीची वर्णने पुष्कळ झाली आहेत, मी ती पुन्हा सांगत नाही. माझे लक्ष त्या आधीच्या पाच महिन्यांकडे जाते. रोज उठून जमायचे, मागायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. पुढे उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.

नेम आणि कृपा यांचे नाते काय, माणसाने किती करायचे आणि देवाने किती, या प्रश्नाचे सर्वांत समजेल असे उत्तर आविलाच्या तेरेसाने दिले आहे. १५१५ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेली ही बाई पुढे प्रार्थनेची महान आचार्या ठरली. पण मठात आल्यावर जवळजवळ अठरा वर्षे तिची प्रार्थना कोरडी होती. हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायची तिची हिंमत होत नसे, आणि बसल्यावर तास संपल्याचे टोल केव्हा पडतात याकडे कान लागलेले असत, हे तिनेच आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच पुस्तकात बागेचा दृष्टांत आहे. जमीन नापीक, तणाने भरलेली. तण उपटून रोपे लावली आहेत ती प्रभूने, आपल्याकडे फक्त पाणी घालायचे काम आहे. पाणी चार प्रकारे मिळते: विहिरीतून हाताने शेंदून, रहाट फिरवून, ओढ्याचे पाणी पाटाने खेळवून, आणि पाऊस पडून. पहिल्या प्रकारात कष्ट फार आणि पाणी थोडे. शेवटच्या प्रकारात माळ्याने काही करायचे नसते. देशावरच्या शेतकऱ्याला यातला एक शब्दही समजावून सांगायला नको. तेरेसाचे मोठेपण असे की ती शेंदणाऱ्याला हिणवत नाही, आणि पाऊस आपल्या कष्टाने पडतो असा भ्रमही ठेवत नाही. पोहरा विहिरीत सोडला आणि कोरडाच वर आला, असे कित्येक दिवस चालले तर माळ्याने काय करावे, असे ती विचारते. बाग कोणाची आहे हे आठवून आनंदाने सोडत राहावे, असे तिचे सांगणे आहे. विहिरीला पाणी नसेल त्या दिवसांत फुले जगवायचे काम मालक स्वतः करतो. १५५४ च्या सुमारास तिच्या जीवनाला वळण लागले. जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीपुढे ती कोसळून रडली, आणि त्याच दिवसांत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन तिच्या हाती पडले. अठरा वर्षे पोहरा सोडत राहिलेल्या हातांना तेव्हा पाणी लागले.

मात्र सर्वांना असा पाऊस लागतोच असे नाही. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. कोलकात्याच्या रस्त्यांवर काम सुरू केल्यानंतरच्या काळापासून पुढची अनेक दशके त्यांच्या अंतरात देवाच्या अनुपस्थितीचा गडद अंधार होता. ज्या आवाजाने त्यांना गरिबांमध्ये धाडले तो गप्प झाला होता. काही वर्तमानपत्रांनी याचा अर्थ श्रद्धा गेली असा लावला. मला वाटते, ओढ आणि अनुभव यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांचीच अशी फसगत होते. या अंधारात ज्याने त्यांना दिवा दाखवला तो पुण्याचा. दे नोबिली कॉलेजात ईशज्ञान शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट फादर योसेफ नॉयनर यांना त्यांनी १९६१ च्या सुमारास आपली अवस्था सांगितली. फादरांनी कसलाही इलाज सुचवला नाही, कारण इलाज नव्हताच. येशू जाणवणे हा त्याच्या जवळिकीचा एकमेव पुरावा नाही, असे त्यांनी सांगितले. उलट देवासाठी जीव इतका तळमळतो, हीच तो आत लपून असल्याची खूण आहे. जो मुळीच नाही त्याची अशी तळमळ कशी लागेल? यानंतर अंधार गेला नाही, पण मदर त्यावर प्रेम करू लागल्या. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे प्रीतीची सुरुवात देवाकडून झाली आहे. आपल्याला वाटणारी ओढ, अगदी ती नसल्याची खंतसुद्धा, त्यानेच आधी केलेल्या स्पर्शातून आलेली असते.

एक धोका इथेच सांगायला हवा. ओढीविषयी बोलू लागले की माणसे भावना मोजू लागतात. उपासनेत डोळे भरून आले का, संगीत चढल्यावर अंगावर काटा आला का, याच्यावरून देव जवळ आहे की दूर हे ठरवू लागतात. अश्रू चांगलेच, पण ते पारख नव्हेत. पारख यशयाच्या ५८व्या अध्यायात दिली आहे. तिथले लोक देवाला रोज शोधतात, त्याच्या जवळ जायला उत्सुक आहेत, उपास करतात, आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना पिळतात. देव तो उपास नाकारतो. जोखड मोडणे, भुकेल्याला भाकर वाटून देणे, बेघराला घरात घेणे, हा त्याला हवा असलेला उपास. आविलाची तेरेसाही आपल्या भगिनींना बजावते की आजारी बहिणीला तुमची गरज असेल तर भक्तीतला गोडवा तिथेच सोडून उठा. रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, त्यांच्यासाठी छप्पर उभे केले, त्यांच्या अंगावरच्या उवा आणि जखमा धुतल्या गेल्या. ही गोष्ट त्यांच्या प्रार्थनेपासून वेगळी काढता येत नाही. देवाची ओढ वाढते आहे आणि घरातली मोलकरीण, सासूबाई किंवा शेजारचा वेगळ्या धर्माचा माणूस आपल्याला अधिकाधिक नकोसा होतो आहे, असे असेल तर वाढते आहे ते दुसरेच काहीतरी आहे.

आता हे पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. पुढच्या प्रकरणांत एकेक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एकेक प्रसंग घेतला आहे. एका दिवशी एकच घ्यावे. बाराव्या शतकातला मठाधीश दुसरा गिगो वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगतो. आपण बहुतेक वेळा पहिलीवरच घाईने संपतो आणि वाचून झाले असे म्हणतो. शास्त्रभाग मोठ्याने वाचावा, स्वतःच्या कानांना ऐकू जाईल इतका. एखादा शब्द अडला तर तिथेच थांबावे, पुढे जायची घाई नाही. पंधरा मिनिटे पुरेत, पण वेळ ठरलेली असावी आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. मन भटकेल. भटकल्याचे ध्यानात आले की स्वतःवर चिडू नये, वचनाकडे परत यावे. ज्यांना एवढेही जमत नाही त्यांनी महिनाभर फक्त स्तोत्रे म्हणावीत. दीडशे स्तोत्रे दिवसाला पाच या हिशेबाने तीस दिवसांत होतात, आणि इंग्रजी प्रार्थनाग्रंथाने ती शतकानुशतके महिन्याच्या तीस दिवसांत अशीच वाटून दिली आहेत. शाप आणि सूड असलेली स्तोत्रे आली तरी गाळू नयेत, तीही देवाशीच बोललेली आहेत.

शक्य असेल तर एकट्याने वाचू नका. घरातल्या कोणाबरोबर, किंवा मंडळीतल्या दोघातिघांबरोबर आठवड्यातून एकदा बसा. प्रत्येकाने त्या आठवड्यात काय हाती लागले ते सांगावे, आणि काहीच लागले नसेल तर तसे सांगावे. वडीलधाऱ्यांनी आधी बोलावे, म्हणजे तरुणांना आपला कोरडेपणा सांगायला संकोच वाटणार नाही. पाळकांना आणि फादरांना माझी हात जोडून विनंती आहे की अशा बैठकीत त्यांनी शिकवायला न बसता सर्वांबरोबर वाचायला बसावे, आणि आपली पाळी आली की इतरांसारखेच बोलावे.